ॲम्ब्युलन्सच्या चॅनलवरची खरखर

निरीक्षकांनी पंचनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि मास्तरांच्या नजरेला नजर देणं टाळलं. याच टेबलाशी बसून ते वायरलेस शिकले, पोटापाण्याला लागले. आता गुरूची विद्या गुरूलाच! लाजेनं त्यांचे कान तापले होते.

कोपऱ्यात मास्तरांचा सेट खरखरत होता. ॲम्ब्युलन्सच्या चॅनलवर चार दिवस हीच खरखर, मधूनच कुणाचं तरी पुटपुटणं. काल तिच्यापायी एका बाळंतिणीचा निरोप गाडीपर्यंत पोचलाच नाही. बाई थोडक्यात वाचली. अख्ख्या वस्तीत उंच अँटेना एकच, मास्तरांची. आज त्यांच्या दारात जीप थांबवून लहरी मोजायचा मीटर काढला, तर सुई थेट टोकाला.

"मास्तर, माझा नाइलाज आहे."

"नियम वाच. मोठ्यानं."

"दुसऱ्याच्या चॅनलवर शिरणं गुन्हा. परवाना रद्द, यंत्रं जप्त, वर दंड, नाहीतर तीन वर्षं कैद."

"आणि करणारा सरकारी नोकर असला तर?"

"तर नोकरीही जाते. पण त्याचा इथे काय संबंध?"

"पाठ आहे का बघत होतो." मास्तर हसले. "लिही, माझंच काम." आणि त्यांनी सही ठोकली.

उलट भांडले असते तर बरं झालं असतं, असं निरीक्षकांना वाटलं. त्यांनी खिडकीतून जीपमधल्या ड्रायव्हरला हाक मारली. तो जिन्याकडे यायला उतरला तोच खरखर थांबली. मास्तरांचा हात सेटवरच होता. आता शंकेला जागाच उरली नाही.

चाळीस वर्षं जपलेला सेट ड्रायव्हरनं उचलला. मास्तरांनी पुसायचं फडकंही त्यावर ठेवलं. निरीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, मला माफ करा."

ड्रायव्हरची पावलं जिन्यावर उतरेपर्यंत मास्तर थांबले. मग हळूच म्हणाले, "तो बसायच्या आत त्याच्या सीटखालचा माइक काढ. तो बसला की बटण दबतं. मागच्या आठवड्यात तू हा चॅनल तपासलास आणि जीपचा सेट त्याच चॅनलवर ठेवून दिलास."

निरीक्षकांनी खिडकीतून जीपकडे पाहिलं.

"आज सकाळी खरखरीत तुझा आवाज ओळखला. गाडीतून घरी सूनबाईला, तुझ्या बायकोला, फोनवर सांगत होतास, म्हाताऱ्याला धरला की बढती पक्की. जा, तिला कळव. सही झाली म्हणावं."