डॉर्कसच्या चिठ्ठ्या

टेक्सासच्या सरहद्दीवर काळ्या शिपायांचं घोडदळ होतं, त्यात आयशम सार्जंट. तो गस्तीवर निघाला की बायको, डॉर्कस, त्याच्या खोगिराच्या थैलीत चिठ्ठी सरकवायची. परतला की विचारायची, "वाचलीस ना?"

"वाचली की! झकास लिहितेस हो."

दोघांचाही जन्म गुलामीतला. तिथे पुस्तकाला हात लावला तरी चाबूक बसायचा. पण बायकोसमोर अडाणी ठरायचं कसं? आणि तिची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची कशी?

यंदा ती तापाने गेली. सार्जंट छावणीतल्या पाद्रीबाबांच्या शाळेत, नव्या शिपायांच्या बाकावर जाऊन बसला. पोरं खिदळली, "सार्जंट, पाटी उलटी धरलीत!"

"हसा लेको. उद्या तबेल्यात भेटा," म्हणत तो गिरवत राहिला.

वाचता यायला लागलं, तशी त्याने जपून ठेवलेली तिची एक चिठ्ठी उघडली. मग दुसरी. मग सगळ्याच. ओळीच्या ओळी नुसत्या वळणदार रेघोट्या होत्या; अक्षर एकही नव्हतं.

"काय लिहिलंय रे तिने?" पाद्रीबाबांनी विचारलं.

सार्जंट डोळे पुसत हसला. "मी इतकी वर्षं वाचत होतो, तेच."