दगडफुलाखालची ऊब

दूर उत्तरेतल्या ट्रोम्सो शहराच्या संग्रहालयात वाळवलेल्या दगडफुलांच्या नोंदी ठेवता ठेवता सुनिवाचे केस पिकले होते. नवे नमुने, कीड मरावी म्हणून, आधी बर्फपेटीत राहत. आज बाहेर काढलेल्या पाकिटांत तिच्याच गावचा नमुना निघाला. ते किनाऱ्यावरचं गाव कधीच उठलं होतं. ज्या खडकावर उभे राहून तिचे वडील गावापुढे भजन गात, त्याच खडकाचा हा कपचा. वर हिरवट पिवळं दगडफूल.

वडील गेले तेव्हा ती लहान होती. त्यांचा चेहरा तिला लख्ख आठवे. आवाज मात्र हरवला होता. एकदा तरी ऐकू दे, एवढंच ती देवाजवळ मागत आली होती.

बाकीची पाकिटं बोटं बधिर करत होती. हा कपचा मात्र उन्हात तापल्यासारखा कोमट होता.

"अगं, गाणं थांबव ना, मला लिहू दे," समोरच्या टेबलावरून तिचा सहकारी तोर्लाइफ हसत ओरडला.

"मी कुठे गातेय?"

"मग हा बुवा कोण? आवाज गोड आहे हो, पण शेवटचा सूर फारच लांबवतो."

सुनिवाने कपचा कानाशी धरला. काहीच नाही. नुसती ऊब.

"सांग ना रे, कसा आहे आवाज?" ती त्याच्या टेबलाशी धावली.

तोर्लाइफचं हसू मावळलं. "आता थांबलाय. माणसं जमलीयत वाटतं, खोकतायत. म्हणतोय, पुढची ओळ माझी लुल्ला म्हणेल."

त्या नावाने तिला वडिलांशिवाय कुणीच कधी हाक मारली नव्हती.

"सगळे खोळंबलेत, सुनिवा. लुल्ला कोण?"