आग्नेय कोपरा

आग्नेय कोपऱ्यात मेटल डिटेक्टर कुईकुई करू लागला, तशी टिळेकरांनी पहार उचलली. कुमुदकाकूंचं घर कालच पाडलं होतं. संध्याकाळी जागा बिल्डरच्या ताब्यात जायची होती. जुनी नाणी शोधायचा छंद असलेल्या टिळेकरांना काकूंनी सकाळीच बोलावून घेतलं होतं.

हातभर खाली तांब्याची डबी लागली. आत वास्तुशांतीला पुरलेला, बोटाएवढा वास्तुपुरुष निजला होता.

“नव्या फ्लॅटमध्ये न्यायचा का, काकू?”

“छे! मला त्याच्याशी बोलायचंय.” काकू मातीतच बसल्या. “घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला हा तथास्तु म्हणतो. ठाऊक असूनही भांडणात मी मुकुंदाला बोलले, ‘या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस.’ अकरा वर्षं झाली, लेकानं पाऊल ठेवलं नाही. आता तर घरही गेलं.”

पदरानं माती पुसून त्यांनी मूर्ती तोंडाजवळ धरली. “चुकलं रे बाबा. माझा मुकुंदा मला भेटू दे.”

मग त्या कान देऊन बसून राहिल्या.

असल्या गोष्टींवर टिळेकरांचा काडीचाही विश्वास नव्हता. तरी मान दुसरीकडे वळवून ते हळूच म्हणाले, “तथास्तु.”