पुढे रेंज नाही

मनोरमा मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि समर्थनेही आपलं पाहिलं. गाडी उभी होती. आणि आज गाडीने उभं राहायचंच नव्हतं.

डहाणूहून डोंगरातल्या शेवटच्या पाड्यावर जायला पूर्वी दोन तास लागायचे. मग परदेशी विकास बँकेच्या कर्जातून नवा रस्ता झाला. आता तासाभरात पोचता येतं का, हे बघायला बँकेच्या मुंबई ऑफिसातून मॅडम स्वतः आल्या होत्या. पोचलं, तर पुढच्या टप्प्याचं कर्ज मंजूर होणार आणि रस्ता तलासरीला भिडणार. नाही पोचलं, तर इंजिनिअर समर्थचा रस्ता डोंगरातच संपणार.

गाडी थांबली ती एका पाटीमुळे. पत्र्यावर डांबराने लिहिलं होतं, 'पुढे रेंज नाही. बोलायचं ते इथंच बोला.' मॅडमना ऑफिसला फोन करायचाच होता. रस्त्याचं काम चालू असताना पुढे खरोखरच रेंज नसायची, म्हणून समर्थनेही गाडी थांबू दिली. पाटीपाशी गाड्यांची रांग लागली होती. जो तो एका हाताने कानाला फोन लावून फिरत होता, आणि दुसऱ्या हातात पानावर ताडगोळे.

ताडगोळे विकणारी नवशी समर्थच्या चांगल्या ओळखीची. गतिरोधक हवा म्हणून तिने फोन करकरून त्याचा जीव खाल्ला होता.

"काय नवशीबाय, धंदा जोरात दिसतोय."

"खड्डे होते तवा गाड्या आपसूक थांबायच्या, साहेब," नवशी कोयत्याने ताडफळ फोडत म्हणाली. "तुम्ही रस्ता असा गुळगुळीत केला, माझ्याकडं कोणी बघत नव्हता. गतिरोधक मागितला तर म्हणालात, नकाशात नाय."

"नाहीच आहे."

"मग राहू द्या. ताडगोळा खा, घामाने भिजलात."

समर्थ ताडगोळा हातात धरून घड्याळच बघत राहिला. मॅडमनी मात्र फोन संपवला, ताडगोळे संपवले आणि आणखी मागितले.

गाडी एकदाची निघाली. समर्थचा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "एवढं तोंड पाडू नका. पुढे रेंज नसेल तर माणूस थांबणारच. सक्तीचा थांबा आहे, तेवढा वेळ मी वजा करते."

समर्थच्या जिवात जीव आला. मनातल्या मनात त्याने त्या पाटीला हात जोडले.

दोन वळणं गेली आणि त्याचा फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. नवशीचा आवाज गाडीभर झाला.

"साहेब, मॅडमचा चष्मा इथं राहिलाय."

समर्थने समोर पाहिलं. टेकडीवर मोबाईलचा कोरा करकरीत टॉवर उन्हात चमकत होता.

"नवशीबाय," तो हळूच म्हणाला, "इथे रेंज आहे."

"हाय ना. टॉवर होऊन बरेच दिवस झाले. पाटी तेवढी काढायची राहिली. मॅडमला सांगू नका."

ड्रायव्हर ओठ दाबून हसू आवरत होता. मॅडमनी नाकावर हात नेऊन चष्मा चाचपला. तो नव्हताच. मग डोळे बारीक करून त्या टेकडीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"गाडी वळवा," त्या म्हणाल्या. "हा थांबाही सक्तीचाच धरते. चष्म्याशिवाय मला कुठलाच टॉवर दिसत नाही."