दहा मिनिटांचं जेवण

"भाऊ, आज लाल की पांढरा?" बायकोने विचारलं.

"आज लसणाचा," तो म्हणाला आणि उकळत्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं.

भाऊ म्हटल्यावर पहिले काही दिवस तो मागे कोणी आहे का बघायचा. आता सवय झाली होती. उन्हाळ्यापासून ती त्याला ओळखत नव्हती. स्वयंपाकघरात वावरणारा हा म्हातारा म्हणजे कुणीतरी ठेवलेला आचारी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारातला नवरा एका सकाळी भाऊ झाला.

तो छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी चहासुद्धा केला नव्हता. बायकोचा विसरण्याचा आजार वाढला तेव्हा त्याने स्वयंपाकाला एक बाई ठेवली. आपल्या ओट्यापाशी परकी बाई बघून बायकोने आकांत मांडला. दुसरी बाई तर अर्ध्या तासात चप्पल घालून निघून गेली. शेवटी दूर राहणाऱ्या मुलीने फोनवरून त्याला पास्ता शिकवला.

"बाबा, याच्यापेक्षा सोपं काही नाही. दहा मिनिटं, चार वस्तू, खर्च किरकोळ. बिघडवायचं म्हटलं तरी फारसं बिघडत नाही."

त्याने आठवडाभर बिघडवून दाखवलं. एकदा तर असा लगदा झाला की पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवता आले असते. मग हात बसला. टोमॅटोचा लाल, दूध आणि चीजचा पांढरा, आणि सगळ्यात सोपा लसणाचा. पाणी उकळायचं, घड्याळ लावून नऊ मिनिटं पास्ता शिजवायचा, ते पाणी वाटीभर बाजूला काढायचं. तेलात लसणाचे काप सोनेरी झाले की लाल मिरचीचा चुरा, मग पास्ता, मग ते वाटीतलं पाणी. बायको आवडीने खायची. ताट पुसून खायची. आणि रोज संध्याकाळी मुलगी फोनवर एकच विचारायची, "आज ओळखलं का तुम्हाला?"

"नाही," तो सांगायचा. डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या दिवशी क्षणभर ओळखतीलही, पण त्याची वाट बघत बसू नका. तो वाटच बघत बसला होता. तिने एकदा 'अहो' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या दिवशी ती जेवता जेवता म्हणाली, "भाऊ, तुमच्या हाताला चव आहे. आमच्या साहेबांनाही आवडलं असतं. पण त्यांचं काही सांगता येत नाही."

त्याने आपलं ताट घेतलं आणि तिच्या समोर बसला. आपल्याबद्दल ती बोलतेय, हेच त्याला पुष्कळ होतं.

"कसे आहेत साहेब?" त्याने विचारलं.

"तसे चांगले आहेत हो. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त जेवण मनासारखं झालं नाही की ताट सरकवतात आणि उठून जातात. मग बोलणं बंद. चार दिवस, आठ दिवस. एकदा सतरा दिवस बोलले नव्हते."

"सतरा? तुम्ही मोजलेत?"

"घरात दुसरं बोलायला कोण होतं? मोजत बसायचे." ती हसली. "तुम्ही आपले गप्पा मारता, बरं वाटतं. रोज येत जा. फक्त साहेब यायच्या आत आवरत जा."

तिने शेवटचा घास संपवला. त्याच्या ताटातल्या पास्त्याचा गार होऊन गोळा झाला. ते सतरा दिवस त्याला आठवेनात. कुठलं वर्ष, कुठला पदार्थ, मीठ जास्त झालं होतं की कमी, काहीच आठवेना. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा त्याने तो उचलला नाही.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, तो टोमॅटो चिरत होता. मागे पावलं थांबली.

"अहो," ती म्हणाली.

त्याच्या हातातली सुरी ओट्यावर पडली. तो वळला. ती दारात उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. आचाऱ्याकडे नाही, त्याच्याकडे. डोळ्यांत तीच जुनी ओळख होती. तिचं नाव त्याच्या जिभेवर आलं.

तेवढ्यात तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता. ती धडपडत ओट्याशी आली, त्याच्या आणि शेगडीच्या मध्ये शिरली आणि झारा उचलून रिकामं भांडं ढवळू लागली.

"झालंच हो. पाच मिनिटं. मीठ बघूनच घालते मी. तुम्ही बसा, झालंच."

तिची मान खांद्यांत रुतली होती. चाळीस वर्षं त्याने ही मान अशीच पाहिली होती. त्याला वाटायचं, तिची ठेवणच तशी आहे. पण गेले सहा महिने, भाऊशी बोलताना, ती मान सरळ होती.

तो दोन पावलं मागे सरला. तिच्या मुठीतला झारा त्याने हळूच सोडवून घेतला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"साहेब बाहेरगावी गेलेत, ताई," तो म्हणाला. "आता येणार नाहीत. तुम्ही सावकाश जेवा."