एकच टॅग

मच्छीमारांना वादळाचा इशारा देणाऱ्या एका खुल्या ॲपचा कोड किनाऱ्यावरची पोरं फावल्या वेळात लिहीत. कोडमध्ये इशाऱ्याला कुणी ‘तुफान’ असा टॅग लावी, कुणी ‘वादळ’. भरडखोलच्या हेमालीने दुपारी बसून सगळीकडे एकच ‘वादळ’ करून टाकलं.

तिन्हीसांजेला तिच्या लक्षात आलं. इशारे गोळा करणारा प्रोग्रॅम अजून ‘तुफान’च शोधत होता. तिने घाईघाईने जुना टॅग परत लावला, तशी मोबाईलवर इशाऱ्याची लाल पट्टी उमटली. ती पडवीत धावली.

“आये, बाबांना सांग, आज होडी काढू नका!”

“ते कवाच गेले,” आई मासळी निवडता निवडता म्हणाली. “मी म्हटलं, आभाळ बरं दिसत न्हाय. तर हसले नि म्हणाले, आभाळापेक्षा आपल्या पोरीचं ॲप खरं.”