दर रविवारी हवाई बेटं

"दाजी, आई विचारते, लाव्हा लाल असतो की पिवळा?"

पुण्याहून राजनचा मेहुणा सारंग बोलत होता. आई म्हणजे राजनच्या सासूबाई. त्या अंथरुणाला खिळलेल्या, ऐकूही फार कमी येई. म्हणून सारंग त्यांचे प्रश्न विचारायचा आणि राजनची उत्तरं त्यांना ओरडून सांगायचा.

"बाहेर येताना पिवळा. मग लाल, शेवटी काळा," राजन म्हणाला. नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या लायब्ररीतलं पुस्तक त्याच्यासमोर उघडं होतं. "सगळी बेटं ज्वालामुखीतूनच वर आलेली. हिलो गावात सारखा पाऊस, डोंगरापलीकडे कोरडं. जयंती वर डोंगरात आहे. तिथे रेंज नाही."

"आई, आधी पिवळा, मग लाल!" सारंग ओरडला.

जयंती, राजनची बायको, डेल्फ्टच्या विद्यापीठात ज्वालामुखींवर काम करायची. हवाईचं तिकीट काढलेलं असतानाच ती वारली. अंत्यविधीला सारंग एकटा येऊन गेला. आईंचं हृदय नाजूक, धक्का सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा दोघांनी ठरवलं, जयंती हवाईला आहे, काम लांबलंय.

पुण्याला जाणं राजन टाळत आला होता. आईंसमोर बसून खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. रविवारचा फोन मात्र त्याने एकदाही चुकवला नाही. आठवडाभर तो बेटांबद्दल वाचायचा, जयंतीने ते कसं सांगितलं असतं ते मनात जुळवायचा.

"आई विचारते, तिकडे जेवायला काय मिळतं? आणि तुम्ही जेवलात का?"

"माझं राहू दे. तिकडे भात मिळतो. साध्या खानावळीतसुद्धा ताटात दोन मुदी वाढतात."

"आई, दोन मुदी! ताईची चैन आहे!"

राजनने पुस्तक मिटलं.

"सारंग, फोन आईंच्या कानाशी धर. मी त्यांना खरं सांगणार आहे."

शेजारी बसलेली श्रुती, त्याची मुलगी, ताडकन उठली. "बाबा, नो. प्लीज, नॉट टुडे."

"दाजी, असं काही करू नका," सारंग म्हणाला. "पुढच्या रविवारी बोलू."

"लेकीची वाट बघत जातील रे त्या. ते माझ्याच्याने बघवणार नाही. धर फोन."

"दाजी, ऐका माझं..."

"धर म्हणतो ना!"

खरखर झाली. मग शांत.

"आई," राजन मोठ्याने म्हणाला. "जयंती हवाईला गेलीच नाही. ती आता नाही, आई. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."

आता रडणं ऐकू येईल, धावपळ ऐकू येईल, म्हणून तो कान देऊन बसला. काहीच ऐकू आलं नाही. श्रुतीने त्याचा हात घट्ट धरला.

"दाजी," सारंग म्हणाला, "पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. त्याला तरी या."